उशिरा फुटणारी वाचा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यासमोर मी पाटीवर पहिले अक्षर गिरवले. त्यामुळे संस्थेचे निमंत्रण आले तेव्हा नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न विषयाचा होता. मराठीचा निवृत्त प्राध्यापक संतसाहित्यावर किंवा नवकवितेवर बोलेल, अशी आपली अपेक्षा असणार. आयुष्यभर मी तेच बोलत आलो. परंतु भाषा माणसाला मिळते कशी आणि काही लेकरांना ती वेळेवर का मिळत नाही, हा प्रश्न मला फार उशिरा आणि घरातूनच भेटला. त्याविषयी आज बोलावे, असे ठरवले. मी डॉक्टर आहे तो भाषेचा, कानाघशाचा नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. वैद्यकाविषयी जे सांगेन ते जाणकारांकडून समजून घेतलेले आहे.

मुले उशिरा बोलतात याविषयी आपल्या भाषेची एक गंमत पाहा. बोलण्यातील व्यंगांना मराठीत शब्दांची वाण नाही. बोबडा, तोतरा, चाचरणारा, गेंगाणा असे नेमके शब्द आहेत, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. बोबड्याचा वर्ण चुकतो, तोतऱ्याचा ओघ अडतो, तर गेंगाण्याचा सूर नाकातून येतो. टाळू दुभंगलेल्या मुलाचे बोलणे तसे असते. मात्र ज्याला अजून शब्दच आलेले नाहीत अशा दोन-अडीच वर्षांच्या मुलासाठी आपल्याकडे वेगळा शब्द नाही. त्याला आपण एकतर ‘अजून बोलत नाही’ म्हणतो, नाहीतर थेट ‘मुका’. या दोन टोकांच्या मध्ये जी कितीतरी मुले उभी असतात, त्यांना नाव नाही. ज्याला नाव नाही ते लवकर दिसतही नाही.

‘वाचा फुटणे’ हा वाक्प्रचार मात्र मोठा अर्थपूर्ण आहे. अंकुर फुटावा तशी वाचा फुटते, म्हणजे जमिनीखाली आधी बरेच काही घडलेले असते. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी अशा वाणीच्या चार अवस्था सांगितल्या. त्यांचा हेतू तात्त्विक होता, बालसंगोपनाचा नव्हता. तरीही कानावर पडणारी वाणी ही शेवटची पायरी आहे, ही त्यांची कल्पना मुलांच्या बाबतीत शब्दशः खरी ठरते. मूल बोलण्यापूर्वी कितीतरी आधी समजू लागते. दोन-तीन महिन्यांचे बाळ हुंकार देते. सहा-सात महिन्यांचे झाले की ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची माळ ओवते. वर्षाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द येतो. आणि दुसरे वर्ष सरता सरता ‘दूध दे’, ‘बाबा गेला’ असे दोन शब्द जोडले जाऊ लागतात. त्या वयात साधारण पन्नास शब्द असावेत, असा एक ठोकताळा बालरोगतज्ज्ञ वापरतात. काही मुले थोडी पुढे, काही थोडी मागे असतात. पण क्रम हाच.

बोबडेपणा निराळा. ‘राजा’चा ‘लाजा’ आणि ‘काका’चा ‘ताका’ सगळ्याच मुलांचा होतो, कारण ओठांवरचे प, ब, म आधी साधतात आणि र, ळ, श यांना वेळ लागतो. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या प्रारंभी आपल्या वक्तृत्वाला बाळाच्या बोबड्या बोलांची आणि वाकड्यातिकड्या पावलांची उपमा दिली, आणि त्यात माउलीला आनंदच वाटतो, असे म्हटले. तो आनंद रास्त आहे. चार वर्षांच्या मुलाचे बोलणे परक्या माणसालाही बहुतेक कळले म्हणजे झाले. आजीच्या सहवासात वाढलेला नातू ‘मी जाते’, ‘मी जेवते’ म्हणतो, त्यालाही हसावे आणि सोडून द्यावे. क्रियापदाचे लिंग त्याने अचूक उचललेले असते. फक्त ज्या तोंडून उचलले ते आजीचे असते. माझी आजची चिंता या मुलांविषयी नाही.

आता जरा आपल्या तालुक्याकडे वळतो. हा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. माणसे होती तिथेच राहिली. सरकारी कागदाची भाषा बदलली. जोयड्यात कुणब्यांच्या घरात कोकणी बोलली जाते, धनगर गवळ्यांच्या वाडीवर मराठी, सिद्दींच्या तोंडी कोकणी-मराठीचे त्यांचे असे मिश्रण, आणि अंगणवाडीत, शाळेत, कचेरीत कन्नड. त्यामुळे इथल्या लेकराच्या कानावर पाणी हे ‘पाणी’, ‘उदक’ आणि ‘नीरु’ अशा तीन नावांनी पडते. भात हा ‘भात’, ‘शीत’ आणि ‘अन्न’ होऊन येतो. इथले मूल उशिरा बोलू लागले की सगळे एकमुखाने निदान करतात: ‘तीन तीन भाषा ऐकतो, गोंधळतो बिचारा.’

हे निदान चुकीचे आहे. एकाहून अधिक भाषा कानावर पडल्याने मुलाची वाचा खोळंबत नाही, याविषयी आज अभ्यासकांत दुमत उरलेले नाही. फक्त मोजणारा चुकतो. आई कोकणीतले पंधरा शब्द मोजते, अंगणवाडीताई कन्नडमधले दहा, आणि दोघीही म्हणतात, मूल मागे आहे. खरे म्हणजे दोन्हींची बेरीज करायची असते. तसेच नव्या भाषेच्या शाळेत गेलेले मूल पहिले काही महिने गप्प बसते. ते ऐकत असते, साठवत असते. घरी जाऊन तेच मूल आजीचे डोके खात असेल, तर काळजी नको. पण घरीही गप्प, अंगणातही गप्प, स्वतःच्या आईच्या भाषेतही गप्प असे असेल, तर त्याचा दोष तीन भाषांच्या माथी मारू नये. अडचण असली तर ती प्रत्येक भाषेत दिसते. ‘भाषांचा गोंधळ’ या सबबीखाली खरी अडचण वर्षानुवर्षे लपून राहते, हे या सबबीचे खरे नुकसान आहे.

याच्या उलट एक सल्ला शहरांत दिला जातो: घरची बोली बंद करा, शाळेच्या भाषेतच बोला. तो त्याहून घातक. ज्या भाषेत आईला गोष्ट सांगता येते, रागावता येते, लाड करता येतात, ती काढून घेतली की घरात उरतात चार आज्ञा: ये, बस, खा, झोप. त्यांतून भाषा कशी उगवणार? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, त्याचे मोल मला या संदर्भात विशेष वाटते. वारली मुले बालवाडीकडे येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, असे त्यांनी ठरवले. मुलाच्या परिसरातले दगड, पाने, बिया हेच साहित्य झाले. आज देशभर रूढ असलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या विचारातून आलेला आहे. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा त्या शब्दाला सरकारी पाटी लागली. पाटीबरोबर तो विचार किती आला, हा प्रश्न निराळा.

आता मी ज्या गोष्टीसाठी उभा आहे तिच्याकडे येतो.

आपल्यापैकी वयस्कांना जुने सुपे आठवत असेल. काळी नदीवरच्या धरणाने ते गाव पाण्याखाली गेले आणि माणसे रामनगरला व इतरत्र पांगली. त्या सुप्यात, माझ्या बालपणी, आमच्या शेजारी एक मुलगा गुरे राखत असे. गाव त्याला ‘मोनो’ म्हणे. कोकणीत मोनो म्हणजे मुका. त्याचे खरे नाव मी कधी विचारले नाही. तो हुशार होता. कोणत्या गाईला कोणता चारा चालत नाही, ते त्याला ठाऊक असे. रानात बोट करून आम्हांला तो आधी दाखवी आणि मग आम्हांला गवा दिसे. शिमग्याचा ढोल वाजू लागला की तो मान वळवून तिकडे धावे. म्हणून गावातले शहाणे म्हणत, ‘ऐकू येते त्याला चांगले, फक्त बोलत नाही.’ त्याच्या जिभेला वेखंड उगाळून लावून झाले, पोपटाचा उष्टा पेरू खाऊ घालून झाला, देवाला नवस झाला. शाळेत त्याला कोणी घातले नाही. बोलत नाही तो शिकणार काय?

साठ वर्षांनी तेच वाक्य मी स्वतः उच्चारले.

माझा नातू वीस महिन्यांचा असताना सुनेने शंका काढली की याचे बोलणे पुढे सरकत नाही. मी तिला धीर दिला. आमच्या घराण्यात मुलगे उशिरा बोलतात, तुझा नवराही तीन वर्षांचा होईतो बोलला नव्हता, असे सांगितले. दार आपटले की हा दचकतो, कुत्रा भुंकला की खिडकीकडे जातो, दूरदर्शन संच लावला की धावत येतो. ऐकू येतेच आहे, फक्त बोलत नाही. शिवाय तो ‘आई’ किती स्वच्छ म्हणतो! घरातले सर्वांत थोर प्रमाणपत्र माझे होते. ध्वनिविचार मी तीस वर्षे शिकवला होता. सून गप्प बसली.

तो चार वर्षांचा होत आला तेव्हा शेवटी त्याच्या कानांची तपासणी झाली. झोपलेल्या मुलाच्या डोक्याला तारा चिकटवून, कानात आवाज सोडून, मेंदूकडे जाणारे संदेश टिपणारी ‘बेरा’ नावाची चाचणी असते, ती केली. जाड, खालच्या पट्टीतले आवाज त्याला बऱ्यापैकी ऐकू येत होते. वरच्या पट्टीतले जवळजवळ नाहीतच.

त्या तक्त्याकडे पाहताना मला जे उमगले ते मी वर्गात किती वेळा फळ्यावर लिहिले होते! स्वरांचे बळ मुख्यतः खालच्या कंप्रतांत असते. ‘स’सारख्या घर्षक वर्णांचे बळ बरेच वर, चार हजार हर्ट्झच्याही पलीकडे असते. त, क यांचे स्फोट क्षीण आणि क्षणिक असतात. ज्याला वरचे ऐकू येत नाही, त्याच्यापर्यंत बोलणे पोहोचते ते व्यंजने गळून पडलेले, नुसत्या स्वरांचे. आणि मराठीतला ‘आई’ हा शब्द तर निव्वळ दोन स्वरांचा आहे! त्यात व्यंजनच नाही. तो स्वच्छ म्हणणारे मूल सगळे ऐकते, असे मी धरून चाललो. ‘काका’ला तो ‘आआ’ म्हणे आणि ‘ताट’ला ‘आ’; ते बोबडे बोल म्हणून आम्ही कौतुक केले. खरे तर ते बोबडे बोल नव्हते. बोबडा मुलगा एका व्यंजनाच्या जागी दुसरे घालतो. हा व्यंजन घालतच नव्हता. हा फरक ओळखणे माझा व्यवसाय होता. सुप्यातल्या त्या मुलाला ढोल का ऐकू येई, हेही मला त्या दिवशी कळले. ढोलाचा आवाज खालचा. कदाचित त्यालाही अर्धे ऐकू येत असेल, आणि त्या अर्ध्यावर पुष्कळ काही उभारता आले असते.

श्रवणयंत्रे लागली, वाक्‌उपचार सुरू झाले. नातू आज अकरा वर्षांचा आहे, मराठी शाळेत शिकतो. त्याच्या बोलण्यातला ‘स’ अजून थोडा ओला आहे आणि नवे शब्द त्याला इतरांपेक्षा अधिक वेळा ऐकावे लागतात. वीस महिने ते चार वर्षे हा जो काळ गेला तो मेंदूने भाषा गोळा करण्याच्या सुगीचा काळ होता. सुनेने त्याबद्दल मला आजवर एका शब्दाने दोष दिलेला नाही, आणि मी तिला ‘तुझे बरोबर होते’ हे सांगायलाही बरेच महिने घेतले. आज हे जाहीरपणे सांगतो आहे ते तिच्या परवानगीने.

दर हजार नवजात बालकांत एक-दोन मुले लक्षणीय श्रवणदोष घेऊन जन्मतात, असा सर्वसाधारण अंदाज आहे. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच कानातून परतणारा सूक्ष्म नाद टिपून ही चाचणी करता येते. मिनिटांचे काम असते, बाळाला टोचावे लागत नाही. जवळच्या नात्यात लग्न होणाऱ्या घरांत जन्मजात बहिरेपणाचा संभव वाढतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आपल्या मुलखातील रीत पाहता हे उघड बोलायला हवे. ज्यांची लग्ने झाली आहेत त्यांना टोचून बोलण्यासाठी नव्हे, त्यांच्या बाळाची तपासणी आधी व्हावी म्हणून. पुढेही कान फुटणे, कानात पाणी साचून राहणे यांमुळे महिनोन्‌महिने मूल कापसाआडून ऐकल्यासारखे ऐकते. आपल्या पावसाळ्यात वाहणाऱ्या कानाला कोणी आजार समजत नाही. गरम तेलाचे थेंब सोडले जातात. ते सोडू नयेत.

कान उत्तम असूनही वाचा अडते, त्याची कारणे वेगळी. काही मुले नावाने हाक मारली तरी वळत नाहीत, नजरेला नजर देत नाहीत. हवी ती वस्तू बोटाने दाखवीत नाहीत, तुमचाच हात धरून तिकडे नेतात. तिथे नुसत्या बोलण्याचा प्रश्न नसतो, स्वमग्नतेची शक्यता तपासून घ्यावी लागते. वर्ष-दीड वर्षाच्या मुलाचे बोट दाखवणे ही मला आता मोठी घटना वाटते. बोट हे मुलाचे पहिले सर्वनाम आहे. आणखी काही मुलांचे ऐकणे, समज, माया सगळे ठीक असते, पण भाषाच सावकाश आणि अडखळत घडते. अशा मुलांच्या अडचणीला कोणते नाव द्यावे यावर तज्ज्ञांचे एकमत व्हायला २०१७ साल उजाडले. अशी मुले शाळेत ‘मठ्ठ’ ठरतात. आणि ज्याने आधी मिळवलेले शब्द गमावले, काल बोलत होता ते आज बोलत नाही, त्याला कोणत्याही वयात लगेच डॉक्टरांकडे न्यावे. जिभेखालचा पडदा कापून घेण्याची घाई मात्र करू नये. त्याने एखादा वर्ण अडत असेल, भाषा अडत नाही.

‘आमचा अमुक पाच वर्षांनी बोलला आणि आज इंजिनिअर आहे’ हे वाक्य प्रत्येक घरात तयार असते. ते खोटे नसते. दोन वर्षांच्या सुमारास मागे असलेल्या मुलांपैकी बरीच पुढे आपसूक बरोबरी गाठतात. अडचण एवढीच, की कोणती गाठतील आणि कोणती नाही, हे दोन वर्षांच्या मुलाकडे नुसते पाहून सांगता येत नाही. इंजिनिअर झालेल्याची कथा घरोघर सांगितली जाते. मोनोची कोणी सांगत नाही. तपासणी करून काही निघाले नाही, तर एक दिवस आणि बसचे भाडे गेले. न करता काही निघाले, तर काय जाते ते मी पाहिले आहे.

घरात काय करावे, असे मला नेहमी विचारले जाते. आपल्या बायका जात्यावर दळताना मांडीवर मूल घेत आणि ओव्या गात. मूल गाण्याच्या कुशीतच असे. ते जाते गेले, त्याबद्दल मी अश्रू ढाळणार नाही. ज्यांनी पहाटे उठून दळले त्यांना विचारा. पण त्याच्या जागी मुलाच्या हातात जो फोन आला, तो बोलतो पुष्कळ आणि ऐकत नाही. मुलाने ‘आ’ केले तर फोन ‘ओ’ देत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली दोन वर्षांखालील मुलांना पडदा अजिबात नको, असे सांगितले आहे. भाजी निवडताना, कणगे सोलताना, गुरांना पाणी दाखवताना मुलाशी बोलावे, त्याच्या उत्तरासाठी क्षणभर थांबावे, आणि ते जे म्हणेल त्यात एक शब्द घालून परत द्यावे. ते ‘गाय’ म्हणाले तर आपण म्हणावे, ‘गाय आली’. कोकणीत, मराठीत, ज्या भाषेत मन मोकळे होते तीत.

राहता राहिली मदत कुठे मिळते ही बाब. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्‌श्रवण संस्था १९६५ पासून आणि मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ पासून या क्षेत्रात आहेत. दोन्ही आपल्याला दूर. परंतु २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार तपासणी पथकाने अंगणवाडीतल्या प्रत्येक मुलाला वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलाला एकदा पाहायचे असते. वाढीतील विलंब हा त्या तपासणीचाच भाग आहे, आणि शंका आल्यास पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायचे असते. २०१६ च्या कायद्यात वाचा आणि भाषा यांतील अपंगत्वाचा स्वतंत्र उल्लेख आहे, म्हणजे तो आता उपकाराचा विषय उरलेला नाही. कागदावर सगळे आहे. पण आपल्या तालुक्यात वाडी म्हणजे रानातली चार घरे. मध्ये ओढा, पावसाळ्यात वाट बंद. ज्या दिवशी पथक येते त्या दिवशी, जे मूल बोलत नाही तेच नेमके घरी ठेवले जाते, कारण ‘त्याला नेऊन काय करायचे?’ इथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण त्याच वाड्यांवरचे आहेत, काहीजणी अंगणवाड्या चालवतात. पथक कधी येणार ते तुम्हांला आधी कळते. त्या दिवशी घरी राहिलेले ते एक मूल कोण, हेही तुम्हांलाच माहीत असते. त्याला घेऊन या. त्याचे नाव विचारा, आणि त्या नावाने, त्याच्या पाठीमागून, हलक्या आवाजात हाक मारून पाहा.

 प्रश्न असतील तर मी इथेच बसलो आहे. थोडे मोठ्याने विचारा, आता माझेही कान पूर्वीसारखे राहिलेले नाहीत.